विद्यापीठाच्या संगणकावर आपोआप अपडेट: अर्ज नेमका कुठे अडतो

विद्यापीठाच्या यंत्रावर आपोआप अपडेट चालू करून घेण्यासाठी संगणक केंद्राकडे अर्ज करण्याआधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटचं पान उघडा. काही सेटिंग्ज संस्थेच्या ताब्यात आहेत असं तिथे लिहिलेलं दिसलं, तर संगणक केंद्राने त्या यंत्रावर अपडेटचे नियम (धोरण) आधीच लावलेले आहेत. मग अर्ज नको, अपडेट येताहेत का एवढं विचारा. स्वतःच्या लॅपटॉपलाही अर्ज लागत नाही.

बाकीच्यांनी विभागप्रमुखांची सही, संगणकाचं नाव आणि डेडस्टॉक क्रमांक, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीतला यंत्राचा क्रमांक, द्यायचा. घोडं अडतं ते या क्रमांकावर. प्रकल्पाच्या पैशातून घेतलेलं यंत्र एका प्राध्यापकांच्या नावावर चढतं, ते निवृत्त होतात, यंत्र दुसऱ्या खोलीत जातं, स्टिकर निघून जातो. केंद्र म्हणतं विभागाकडून आणा, विभाग म्हणतो भांडारात विचारा. खरं तर ही नोंद शोधणं कार्यालयाचं काम, पण हेलपाटे अर्जदाराच्या नशिबी. म्हणून कॅबिनेटच्या मागचा किंवा लॅपटॉपच्या तळाचा सिरियल नंबर उतरवून घ्या आणि आधी भांडारात जा. खरेदीच्या बिलावर तो नंबर असेल, तर त्यावरून नोंद सापडते. यंत्र दुसऱ्याच्या नावावर असेल, तर ते तुमच्याकडे आल्याचं हस्तांतराचं पत्र हातात आल्यावरच अर्ज द्या.

दुसरी अडचण आवृत्तीची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची वेगळी नोंदणी नसेल, तर मंजुरी मिळूनही नवे सुरक्षा अपडेट येणार नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यंत्रात आहे का हे आधीच पाहा. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर अनअटेंडेड अपग्रेड्स हे पॅकेज सुरक्षा अपडेट आपोआप घालतं, पण कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला की रीस्टार्ट करावंच लागतं.

अर्जातला देखभालीच्या वेळेचा, म्हणजे अपडेट कधी घालायचे हा रकाना तर हमखास चुकतो. लोक ‘रात्री २’ लिहितात आणि संध्याकाळी जाताना मेन स्विच बंद करतात. बंद यंत्रावर काहीही उतरत नाही. यंत्र चालू असेल आणि कोणी काम करत नसेल, अशीच वेळ लिहा. विंडोजमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात. त्या वेळात यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेलं यंत्र असेल तर तसं ठळक लिहा आणि उत्पादकाला विचारल्याशिवाय अपडेट लावू नका. मापन चालू असताना रीस्टार्ट झालं तर नमुना आणि दिवस दोन्ही वाया जातात.

अर्ज टेबलावर पडून राहिला तर लेखी स्मरणपत्र द्या, संकोच करू नका. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७ मध्ये जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा तो विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून शिरला तिच्यावरचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो घातला नव्हता, ते अडकले. सही राहिली म्हणून यंत्र महिनोन्‌महिने उघडं ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

मंजुरीनंतरही खात्री करा. मायक्रोसॉफ्टचे नियमित सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. त्यानंतरच्या आठवड्यात ‘अपडेट हिस्टरी’ उघडा. नवी तारीख दिसली नाही, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन केंद्रात जा.