पिट्यूटरी: नावात कफ, कामात नाही

सर्दीचं पाणी मेंदूतून उतरतं, हा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचं, म्हणजे पीयूषिकेचं, नावही याच समजातून पडलं. लॅटिनमध्ये ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या मते मेंदूतला टाकाऊ द्रव या ग्रंथीत झिरपून नाकात आणि घशात उतरायचा. १५४३ मध्ये शरीररचनेचा मोठा ग्रंथ काढणाऱ्या वेसालियसनेही हेच मानलं. ग्रंथीच्या देठाचं ‘इन्फंडिब्युलम’ हे नावही त्यातलंच. त्याचा अर्थ नरसाळं!

१६६० च्या सुमारास जर्मनीतल्या कॉनराड श्नायडर या वैद्याने दाखवून दिलं की शेंबूड नाकाच्या आतल्या अस्तरातच तयार होतो. मेंदूतून तो येईल अशी वाटच नाही. वाटाण्याएवढी ही ग्रंथी कवटीच्या हाडातल्या खोलगट जागेत बसलेली असते. आजही तिच्या गाठीची शस्त्रक्रिया बहुधा नाकातून करतात, आणि तिथवर पोचायला सर्जनला हाड कोरावं लागतं.

ती कफ नाही, संप्रेरकं सोडते: वाढीचं, दूध येण्याचं, थायरॉइडला चालना देणारं. ‘ऑक्सिटोसिन’ हे संप्रेरक मात्र ग्रंथीच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात बनतं. इथे फक्त साठतं आणि रक्तात सोडलं जातं.

मेंदूतून नाकात काही उतरत नाही, याला असलेला एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्या. डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव गळत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. तेव्हा सर्दी समजून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.