लॉगिनच्या पडद्यावर लॅपटॉप अडला? फॉरमॅट करण्याआधी एवढं बघा

ज्या ग्राहकांनी आमच्याकडून लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतलं आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नियमित पाठबळ संपलं आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं, जी जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते. त्यामुळे सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांपर्यंत बरीच धडधाकट मशीन लिनक्सवर आली. चालतातही छान. पण एखाद्या सकाळी लॉगिनचा पडदा येतच नाही, किंवा येतो आणि आत घेत नाही. मग शेजारचा कुणीतरी म्हणतो, "फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम." ते तेवढं ऐकू नका. लॉगिनचा पडदा हा एक वेगळा छोटा प्रोग्राम असतो. मिंटमध्ये त्याचं नाव लाइटडीएम, उबंटूत जीडीएम. तो रुसला म्हणून तुमची बिलं, फोटो, टॅलीचा बॅकअप कुठे जात नाही. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी असतं, फक्त दार उघडत नसतं.

पुढे कमांड फोनवर सांगतो तशा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. "डॅश" म्हणजे आडवी छोटी रेघ.

पासवर्ड बरोबर आहे, तरी चुकीचा म्हणतंय

आधी कॅप्स लॉक बघा. मग वरच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघा. सोलापुरात एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड टाइप करणारी माणसं असतात आणि आम्हीच मागणीप्रमाणे तिन्ही कीबोर्ड घालून देतो. लॉगिनच्या पडद्यावर मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिला असेल, तर "के" दाबल्यावर "क" उमटतो आणि "एच" दाबल्यावर "प". पडद्यावर दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे कळत काहीच नाही. तिथे इंग्रजी निवडा आणि पुन्हा टाका. उबंटूत पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की काय टाइप होतंय ते दिसतं.

पासवर्ड खरोखरच विसरला असाल तर तो रिकव्हरी मोडमधून बदलता येतो. मशीन आणि ओळखपत्र घेऊन या. ओळखपत्र का, हे सांगायला नको.

पासवर्ड घेतो आणि पुन्हा लॉगिनलाच आणून सोडतो

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पासवर्ड चुकला असता तर तसा निरोप आला असता. इथे पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा नाव विचारतो. म्हणजे दार उघडलं, पण आत डेस्कटॉप उभा राहिला नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर जोडीला एफएन पण दाबावं लागतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतील आणि "लॉगिन" असं विचारेल. घाबरू नका, हे बिघाडाचं लक्षण नाही, मागचा दरवाजा आहे. तुमचं युजर नाव टाका, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप होताना इथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असं समजून थांबू नका, पूर्ण टाइप करून एंटर दाबा. आत गेलात की तुमचं खातं आणि पासवर्ड शाबूत आहे हे नक्की झालं.

आता टाइप करा: डीएफ, एक जागा सोडून, डॅश एच. डिस्कची यादी येते. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरपी रेघ आहे तिच्यासमोर १०० टक्के दिसलं, तर चोर सापडला. डिस्कवर तसूभर जागा उरली नसेल तर डेस्कटॉपला सुरू होताना लागणाऱ्या बारीकसारीक फायली लिहिता येत नाहीत आणि तो माघारी फिरतो. मिंटवर ही जागा बहुधा टाइमशिफ्टच्या (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) जुन्या प्रतींनी खाल्लेली असते. "सुडो टाइमशिफ्ट डॅश डॅश लिस्ट" लिहिलं की त्या प्रती तारखांसकट दिसतात (सुडो म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकाराने कमांड चालवणं). त्यातल्या जुन्या काढा, शेवटची एक ठेवा. "सुडो ॲप्ट क्लीन" ने उतरवलेल्या अपडेटच्या फायली जातात, तेवढ्यानेही कधीकधी भागतं. मग "सुडो रीबूट".

जागा भरपूर असेल तर दुसरा संशयित म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल. तिच्या नावाआधी टिंब असतं आणि "एक्स" मोठा. कुणी यूट्यूब बघून एखादा खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून चालवला, की ही फाइल कधीकधी तुमच्या नावावरून रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावावर जाते. मग तुमच्याच घरात तुम्हाला मज्जाव. "एलएस डॅश एलए" लिहून यादीत तिच्यासमोर कुणाचं नाव आहे ते बघा. रूट असेल तर "सुडो आरएम" पुढे फाइलचं पूर्ण नाव देऊन ती काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. मात्र आरएम ही कमांड परत विचारत नाही, नावातलं एक अक्षरही इकडचं तिकडे करू नका. हात थरथरत असेल तर फोन करा, बरोबर बसून करू.

तिसरं कारण सोपं आहे. मध्येच दुसरा डेस्कटॉप (पडद्याची वेगळी मांडणी) टाकून काढला असेल, तर लॉगिन अजून त्या काढलेल्याच डेस्कटॉपला हाक मारत असतो. मिंटमध्ये नावाच्या बाजूच्या छोट्या चिन्हावर, उबंटूत नावावर क्लिक केल्यावर खाली उजवीकडच्या चक्रावर दाबून योग्य डेस्कटॉप निवडा.

नुसता काळा पडदा

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर, बहुतेक वेळा अपडेटनंतर. चालू करताना एस्केप, जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून ग्रब मेनू (काय सुरू करायचं ते निवडायची यादी) आणा. "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडून बघा. त्यानेही जमलं नाही तर पहिल्या ओळीवर "ई" दाबा. "लिनक्स" ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "क्वाएट स्प्लॅश" असतं, त्याच्यापुढे जागा सोडून "नोमोडसेट" हा एकच जोडशब्द लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून (उबंटूत ॲडिशनल ड्रायव्हर्समधून) शिफारस केलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाका.

ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम अडवणारी मशीनची सोय) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या वेळी निळा पडदा येतो. तिथे घाईने "कंटिन्यू बूट" दाबणारेच जास्त. "एनरोल एमओके" निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. नाही दिला तर ड्रायव्हर लोडच होत नाही.

अपडेट चालू असताना लाइट गेली

बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट चार्जरवर चालवणारे कारखान्यात बरेच. उन्हाळ्यात दुपारी अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली की मशीन जागीच बंद आणि पॅकेज अर्धवट. एफ३ च्या मागच्या दरवाजाने आत जाऊन "सुडो डीपीकेजी, जागा सोडून डॅश डॅश कॉन्फिगर, जागा सोडून डॅश ए" चालवा, अर्धं राहिलेलं पुरं होतं. आमचं स्पष्ट मत: नवी बॅटरी टाका, नाहीतर निदान अपडेट सकाळी करा.

गल्ल्यावरच्या लॅपटॉपला पासवर्डच नको म्हणणाऱ्यांसाठी

मिंटच्या सेटिंगमध्ये "लॉगिन विंडो" मध्ये आपोआप लॉगिन लावता येतं. लावून देतो, पण मग ब्राउझर उघडल्यावर कीरिंगचा पासवर्ड मागतो आणि लोक म्हणतात व्हायरस आला. व्हायरस नाही. साठवलेले पासवर्ड ज्या कुलपात असतात ते एरवी लॉगिनच्या पासवर्डनेच उघडतं. तो तुम्ही दिलाच नाही, म्हणून वेगळा मागतो. ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम होतं त्याला ही सोय लावू नये.

दुकानात आणताना चार्जर आणा, बिघाडाचा जो निरोप दिसतो त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि बंद पडण्याआधी शेवटचं काय केलं होतं ते खरं सांगा. पोराने गेम टाकला असेल तर तेही. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करून घेतली असेल तर चालू होतानाच, लॉगिनच्याही आधी जो पासवर्ड मागतो तो सोबत हवा. तो हरवला असेल तर आतला माल आम्हालाच काय, कुणालाच काढता येणार नाही.