प्रेमगीतातला पाऊस मागून उजळतो

मरीन ड्राइव्हवर रात्री पाऊस लागला की दिव्याच्या खांबाकडे तोंड करून उभे राहा. सरी चांदीच्या तारांसारख्या चमकतात. आता दिव्याकडे पाठ करा. तोच पाऊस अंगावर पडत असतो, पण डोळ्यांना जेमतेम दिसतो. पावसाचा थेंब म्हणजे छोटं भिंगच. त्याच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश आरपार जाऊन पुढे पसरतो, म्हणून दिवा थेंबाच्या मागे असेल तरच तो आपल्यापर्यंत पोचतो. पडद्यावरचं चिंब भिजलेलं प्रेम या एका नियमावर उभं आहे.

जुलैतला खरा मुसळधार पाऊस शूटिंगला फारसा उपयोगी नाही. ढगाळ उजेड सगळीकडून सारखाच येतो, सरी उठून दिसत नाहीत आणि पावसाचा जोर बदलला की दोन शॉट जुळत नाहीत. म्हणून गोरेगावच्या चित्रनगरीत टँकर लावून पाऊस पाडावा लागतो. नोझल खाली रोखलं तर पाणी नळीतून सोडल्यासारखं अंगावर आपटतं. ते वर, तिरपं धरायचं. पाणी उंचावर फुटतं आणि थेंब होऊन खाली येतं. कलाकारांच्या मागे, पुढे आणि लेन्सजवळ असे पावसाचे तीन पडदे लागतात, नाहीतर मागची भिंत कोरडी दिसून सगळं उघडं पडतं. मोठा दिवा मागे उंचावर, चेहऱ्यावर मंद उजेड. समोरचा दिवा जरा जास्त झाला की सरी विरघळल्याच.

दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. सेकंदाला 24 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद उघडं असतं. तेवढ्यात थेंब 13 सेंटिमीटर खाली येतो आणि त्याची रेघ उमटते. नायिका मान वळवते तो शॉट 50 फ्रेमने, 1/100 सेकंदाच्या शटरवर घेतात. रेघ निम्मी होते आणि 24 ने दाखवताना हालचाल निम्म्याहून हळू दिसते. बरोबर दुप्पट, म्हणजे 48 का नाही? आपली वीज 50 हर्ट्झची. तिच्यावरचे काही दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. शटर 1/96 वर गेलं की प्रत्येक फ्रेममधला उजेड थोडा वेगळा पडतो आणि पडद्यावर लपलप दिसते.

आता प्रेक्षकाचं हृदय. 1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. खाली सुमारे 70 मीटरची दरी. पुलावर एक तरुणी पुरुषांना प्रश्न विचारायची आणि अधिक माहितीसाठी आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला; भक्कम, कमी उंचीच्या पुलावरच्या 16 पैकी फक्त दोघांनी. भीतीची धडधड त्यांनी ओढ समजली, असा निष्कर्ष निघाला. माणसं मोजकी होती, त्यामुळे हे आकडे जपून वापरावेत. पण ‘रोमांच’ हा आपला शब्द अंगावरच्या काट्यासाठीही चालतो आणि प्रेमासाठीही, हे इथे अगदी चपखल बसतं.

पुलावरून उतरून दहा मिनिटं विसावलेल्या पुरुषांमध्ये ही ओढ कमी आढळली. धडधड टिकते तेवढ्यातच ती वळवता येते. प्रेमदृश्यात विजेचा कडकडाट आधी असतो आणि नजरानजर लागलीच, ती याचमुळे परिणाम करते.