मेगारावरची बंदरबंदी : पेलोपोनेशियन युद्धाआधीचा व्यापारी संघर्ष

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं युद्ध इ.स.पू. 431 मध्ये पेटलं. समकालीन इतिहासकाराच्या मते खरं कारण एकच, अथेन्सच्या वाढत्या ताकदीची स्पार्टाला वाटणारी धास्ती. व्यापाराची चुरस त्याच्या लेखी दुय्यम ठरली आणि पुढच्या अभ्यासकांनी बहुतांशी त्याचीच री ओढली.

ही चुरस जुनीच होती. अथेन्सचं बंदर पिरेयस, त्याच्यासमोरचं एजिना बेट अथेन्सच्या डोळ्यांत सलत होतं. ते आधीच नमवून खंडणीला बांधलं गेलं होतं. इटली-सिसिलीच्या वाटेवरचं कोर्सिरा बेट अथेन्सकडे गेल्याने स्पार्टाचं मित्रराज्य कोरिंथ चवताळलं आणि 433 मध्ये सिबोटाजवळ आरमारं भिडली.

पण खरी गाठ अथेन्स आणि कोरिंथ यांच्या मधल्या मेगारा या नगरराज्याची. जमीन खडकाळ, त्यामुळे सगळी भिस्त निसाया आणि पेगाय या दोन बंदरांवर. मीठ, लसूण आणि लोकरी कपडे विकायचे, धान्य बाहेरून आणायचं. याच मेगाराने 446 मध्ये अथेन्सची साथ सोडून आपल्याकडची अथेन्सची शिबंदी कापून काढली होती. 432 च्या सुमारास अथेन्सने ठराव केला : साम्राज्यातली सगळी बंदरं आणि अथेन्सचा बाजार मेगाराकरांना बंद. कारण दाखवलं ते पवित्र जमीन कसल्याचं आणि पळालेल्या गुलामांना आसरा दिल्याचं.

1972 मध्ये एका ब्रिटिश अभ्यासकाने या दाखवलेल्या कारणालाच वजन दिलं. ठराव मुळात धार्मिक, बंदी फक्त मेगाराच्या नागरिकांवर, आणि व्यापार तर बहुतांशी परक्यांच्या हातात. मग फटका कितीसा बसणार? हा युक्तिवाद मला पटत नाही. 425 च्या एका विनोदी नाटकात भुकेने कासावीस झालेला मेगाराकर पोटच्या दोन मुली डुकराची पिल्लं म्हणून विकतो. मोबदला काय, तर एकीचा लसूण आणि दुसरीचं मापभर मीठ. जे मेगारा स्वतः विकायचं, तेच! तोवर अथेन्सचं सैन्य दरवर्षी मेगाराची शेतं उद्ध्वस्त करत होतं, त्यामुळे सगळी उपासमार ठरावाच्या माथी मारता येणार नाही. पण युद्धाच्या तोंडावर स्पार्टाच्या दूतांनी स्पष्ट सांगितलं होतं, ठराव मागे घ्या, युद्ध टळेल. बिनमहत्त्वाच्या कागदासाठी कुणी असं बोलत नाही. अथेन्सच्या नेत्याने मात्र आज इथे नमलो तर उद्या आणखी मोठी मागणी येईल, असं सांगून नकार दिला.

शेवटी निकाल लागला तोही व्यापारी मार्गावरच. 405 मध्ये हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार स्पार्टाच्या हाती पडलं, काळ्या समुद्राकडून येणारं धान्य थांबलं आणि 404 मध्ये वेढ्यात उपाशी पडलेलं अथेन्स शरण गेलं.