चमक नोंदली गेली १९६७ ला, पत्ता मिळाला १९९७ ला

गॅमा रे बर्स्ट म्हणजे अंतराळातून अचानक येणारी गॅमा किरणांची, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या किरणांची, क्षणिक चमक. सगळे तिला शॉर्टमध्ये जीआरबी म्हणतात, आणि तिचा शोध लागला तो बॉम्बवर पहारा देता देता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत युनियनने करार केला की हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या करायच्या नाहीत. आता करार झाला तरी एकमेकांवर भरवसा किती ते सगळ्यांनाच माहीत, समोरचा चंद्राच्या मागे जाऊन बॉम्ब फोडेल इथपर्यंत शंका, म्हणून अमेरिकेने त्याच ऑक्टोबरपासून वेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने वर पाठवायला सुरुवात केली. पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरवर, एक या बाजूला तर एक त्या बाजूला.

यात गॅमा किरण पकडायला सिझियम आयोडाइडचे छोटे स्फटिक होते. गॅमाचा कण आपटला की स्फटिकात बारीक चमक उठते, ती मोजायची, झालं. गॅमा किरण साध्या आरशातून आणि भिंगातून सरळ आरपार जातात त्यामुळे नेहमीच्या दुर्बिणीसारखा फोटो वगैरे काही नाही, फक्त कुठल्या क्षणी किती कण आले एवढाच आकडा. आणि कुठून आले? ते स्फटिक सांगत नाही. पुढची तीस वर्षं सगळं घोडं इथेच अडलं.

पहिला बर्स्ट नोंदला गेला २ जुलै १९६७ ला, पण त्या दिवशी कोणाला पत्ताच नाही. लॉस अलामोस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन जुन्या नोंदी चाळत होते, दोन उपग्रहांना एकाच वेळी काही दिसलंय का ते जुळवत, आणि १९६९ मध्ये त्यांना ही नोंद सापडली. आलेखावर दोन उंचवटे. अणुबॉम्ब असा दिसत नाही, त्याची पहिली चमक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात संपते आणि मग किरणोत्सर्ग हळूहळू ओसरत जातो. त्या दिवशी सूर्यावरही काही गडबड नव्हती. मग हे काय?

नंतरच्या वेलांची घड्याळं जास्त बारीक होती, सेकंदाचा चौसष्टावा भाग मोजणारी, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला हिरो घड्याळच आहे. दोन उपग्रहांमध्ये दोनेक लाख किलोमीटर अंतर, प्रकाश सेकंदाला तीन लाख जातो, म्हणजे एकाला चमक आधी दिसणार आणि दुसऱ्याला अर्ध्यापाऊण सेकंदापर्यंत उशिरा, त्या फरकावरून आकाशात एक वर्तुळ काढता येतं आणि तिसरा चौथा उपग्रह असेल तर वर्तुळं एकमेकांना छेदतात. त्यातून एवढं नक्की झालं की हे पृथ्वीवरून येत नाही आणि सूर्यावरूनही नाही. १९७३ मध्ये इयान स्ट्राँगसह तिघांनी १६ बर्स्टचा पेपर छापला. नंतर शुक्राकडे गेलेल्या यानांवरही डिटेक्टर बसवले, अंतर जेवढं मोठं तेवढी दिशा अचूक, पण हे सगळे हिशोब जुळेपर्यंत बर्स्ट विझून बराच काळ लोटलेला असायचा.

मग काय, थिअऱ्यांचं पीक आलं. १९९४ पर्यंत शंभराच्या वर गेल्या होत्या, न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या अतिशय दाट गाभ्यावर, धूमकेतू आपटतो इथपासून सगळं. १९९१ मध्ये कॉम्प्टन ही अमेरिकेची अंतराळ वेधशाळा वर गेली, तिच्यावर बॅटसी नावाचं उपकरण, आठ कोपऱ्यांत आठ डिटेक्टर, कोणावर जास्त कण पडले त्यावरून अंदाजे दिशा. साधारण रोज एक बर्स्ट, नऊ वर्षांत २७०४. हे आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत घडत असतं तर नकाशावर त्या पट्ट्यात गर्दी दिसायला हवी होती, पण ठिपके सगळीकडे सारखेच विखुरलेले. तरी वाद मिटला नाही! १९९५ मध्ये वॉशिंग्टनला चक्क जाहीर वादविवाद झाला, खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की म्हणाले खूप लांबून येतात, दुसरे खगोलशास्त्रज्ञ डॉन लॅम्ब म्हणाले आपल्याच आकाशगंगेच्या परिसरातून.

उत्तर मिळालं २८ फेब्रुवारी १९९७ ला. इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने बर्स्ट पकडला आणि काही तासांत आपली एक्स-रे दुर्बीण तिकडे वळवली, तिथे विझत चाललेला निखारा दिसला, ज्याला आता आफ्टरग्लो म्हणतात. साधारण २१ तासांनी ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने त्याच जागेचा फोटो घेतला तर तिथे एक प्रकाशाचा ठिपका, आणि पुढच्या महिन्यात बघतात तर तो मावळलेला. मे महिन्यातल्या दुसऱ्या बर्स्टचं अंतर थेट मोजलं, रेडशिफ्ट (विश्व पसरत असल्यामुळे लांबून येणारा प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) ०.८३५, म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मायची होती. पाचिन्स्की जिंकले.

त्यानंतर वेग हाच सगळा खेळ झाला. २००४ चा स्विफ्ट उपग्रह शिशाच्या हजारो तुकड्यांची जाळी वापरतो, कणांची सावली डिटेक्टरवर कशी पडली त्यावरून दिशा काढतो आणि दीडेक मिनिटात स्वतःच तिकडे तोंड करतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, आल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला छोटा बर्स्ट दिसला, परत घड्याळच.

आपल्याकडची गोष्ट तर अजून मजेशीर. २०१५ च्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचा सीझेडटीआय कॅमेरा, मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका वगैरे संस्थांनी मिळून केलेला, तो खरं म्हणजे समोर बघायला बनवलाय. पण किरणांची ऊर्जा १०० केईव्हीच्या (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) वर गेली की त्याच्या भिंतीच पारदर्शक होतात, त्यामुळे बाजूने, मागून आलेला बर्स्टही आत शिरतो. ६ ऑक्टोबरला कॅमेरा चालू केला आणि त्याच दिवशी पहिला जीआरबी, २०२२ पर्यंत ५०० झाले! फक्त भिंतीतून आलेल्याची दिशा बहुतेक वेळा स्विफ्ट नाहीतर फर्मीकडून घ्यावी लागते. म्हणूनच आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेल्या दक्ष नावाच्या उपग्रह मोहिमेच्या प्रस्तावात डिटेक्टर घुमटासारखे सगळ्या दिशांना तोंड करून लावायचे आहेत, आणि उपग्रह दोन, पृथ्वीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, वेलांसारखेच.