फेस नसलेलं पाणी

जोडून सुट्ट्या आल्या की कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या किनाऱ्यावरून कुणी बुडाल्याची बातमी येते. तिच्यात हमखास एक ओळ असते: 'पाण्याचा अंदाज न आल्यामुळे'. हा अंदाज कशाचा घ्यायचा, कुठं बघून घ्यायचा, हे बातमीत कधीच नसतं. सर्फिंग करणारी मंडळी मात्र रोज सकाळी पाण्यात उतरण्याआधी नेमकं हेच काम करतात. त्यांना लाट हवी असते आणि बुडणाऱ्याला लाटेपासून सुटका, पण दोघांचं भवितव्य ठरवते ती एकच गोष्ट: पाण्याखालच्या वाळूचा आकार.

उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यातली मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल ही पुळण घ्या. खडक थोडे, उतार सौम्य, गर्दी दक्षिणेकडच्या कळंगुट-बागापेक्षा बरीच कमी. अशा पुळणीवर ओहोटीला आत चालत गेलं तर पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत चढतं, मग एका खोलगट पट्ट्यात छातीला लागतं आणि त्यापुढं पुन्हा कमरेवर येतं. पुढचा हा उंचवटा म्हणजे वाळूचा दांडा. तो कायमचा नसतो. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळणीची वाळू खरवडून आत नेतात आणि दांडा जाड होतो; ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लावतात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात तेव्हा पाणी वरून निवळलेलं असतं, पण खाली पावसाळ्यानं घडवलेले दांडे आणि त्यांच्यामधल्या खिंडी अजून शाबूत असू शकतात.

या दांड्यावर येणारी लाट कुठून येते? तिथल्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा वेगळ्या आणि दूरच्या वादळातून निघालेल्या वेगळ्या. फरक ओळखायची खूण म्हणजे आवर्तकाल, म्हणजे एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणारा वेळ. स्थानिक वाऱ्याच्या लाटांचा तो ४ ते ६ सेकंद असतो. अरबस्तानातून हिवाळ्यात सुटणाऱ्या 'शमाल' वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून येतात, त्यांचा थोडा जास्त. आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा १२ ते १८ सेकंदांच्या. खोल पाण्यात लाटेच्या माथ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात काढायचा तर आवर्तकालाला १.५६ नं गुणायचं. १४ सेकंदांच्या लाटेचा माथा जवळपास २२ मीटर प्रति सेकंद वेगानं धावतो आणि तिची तरंगलांबी, म्हणजे दोन माथ्यांमधलं अंतर, सुमारे ३०० मीटर असते. ऊर्जा मात्र याच्या निम्म्या वेगानं पुढं सरकते, दिवसाला ९००-९५० किलोमीटर. म्हणून तिकडच्या वादळाची लाट गोव्याला लागायला आठवडाभर जातो. १९६३ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापन केंद्रं मांडून अशाच लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडताना मोजल्या होत्या. आपल्याकडे हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांची उंची, दिशा आणि आवर्तकालाचा अंदाज रोज देते. पर्यटक फक्त उंची बघतात. आवर्तकाल त्याहून महत्त्वाचा आहे, कारण एक मीटर उंचीची ५ सेकंदांची लाट आणि एक मीटर उंचीची १४ सेकंदांची लाट दांड्यावर पूर्णपणे वेगळी वागतात.

लाटेला तळ 'जाणवतो' तो पाण्याची खोली तिच्या तरंगलांबीच्या निम्मी झाल्यावर. १४ सेकंदांच्या लाटेला तो दीडशे मीटर खोलीपासूनच जाणवू लागतो, ५ सेकंदांच्या लाटेला वीस मीटरच्या आसपास. तळ जाणवला की वेग घटतो. अगदी उथळ पाण्यात वेग फक्त खोलीवर ठरतो: चार मीटर खोलीत सुमारे ६.३ मीटर प्रति सेकंद, एक मीटर खोलीत ३.१. मागून ऊर्जा त्याच दरानं येत राहते, पुढं वेग मंदावलेला, मग ती ऊर्जा थोड्या जागेत दाटते आणि लाट उंचावते. लांब आवर्तकालाच्या लाटा दूर समुद्रात दिसतही नाहीत आणि किनाऱ्यापाशी अचानक उभ्या राहतात, त्याचं कारण हे.

उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट झाली की लाट फुटते. एक मीटरची लाट १.३ मीटर खोलीत फुटेल. याचा उलटा उपयोग जास्त मोलाचा आहे: लाट कुठं फुटते ते बघा, तिथली खोली कळेल. पांढरा फेस दिसतो तिथं वाळू वर आली आहे. दोन्ही बाजूंना फेस असून मधल्या पट्ट्यात तो नाही, तिथं पाणी खोल आहे. हाच तो अंदाज.

कशी फुटेल, हे तळाच्या उतारावर आणि लाटेच्या चणीवर अवलंबून असतं. अभियंते यासाठी इरिबारेन अंक वापरतात: तळाचा उतार भागिले उंची-तरंगलांबी गुणोत्तराचं वर्गमूळ. तरंगलांबी खोल पाण्यातली धरायची. अंक ०.५ च्या खाली असला तर माथा फेसाळत घरंगळतो; ०.५ ते ३.३ मध्ये माथा पुढं झेपावून कोसळतो. एक मीटरची १४ सेकंदांची लाट ५० मीटरला एक मीटर अशा उतारावर आली तर अंक ०.३५ येतो, म्हणजे घरंगळणारी, शिकणाऱ्याला झेपणारी लाट. तीच लाट दांड्याच्या समुद्राकडच्या अंगाला, ३० मीटरला एक मीटर अशा उतारावर आली तर ०.५८: ती कोसळणार. आणि ५ सेकंदांची लाट या दोन्ही उतारांवर पार ढिली.

आता प्रवाहाकडे वळू. फुटण्यापूर्वी लाट पाणी वाहून आणत नाही. पाण्याचे कण जवळपास जागच्या जागी गोल फिरतात आणि ऊर्जा पुढं जाते. फुटल्यावर मात्र लाटेचा संवेग पाण्याला मिळतो आणि पाणी खरोखर किनाऱ्याकडे ढकललं जातं. याचं गणित लाँग्वेट-हिगिन्स आणि स्ट्युअर्ट या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलं. दांड्यावर लाटा फुटतात तेव्हा दांडा आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यात पाण्याची पातळी काही सेंटिमीटर वर चढते. खिंडीसमोर लाटा कमी फुटतात, तिथली पातळी त्यामानानं खाली राहते. शेताचा बांध एका जागी फुटला की वाफ्यातलं सगळं पाणी त्या तोंडाकडे धावतं, तसं दोन्ही बाजूंचं पाणी किनाऱ्याला समांतर वाहत खिंडीकडे येतं आणि तिथून समुद्राकडे सुटतं. हाच रिप करंट. रुंदी सहसा दहा-वीस मीटर, वेग बहुधा अर्ध्या मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, पण लाटा मोठ्या असल्या तर दोन मीटरपर्यंतही जातो. पन्नास मीटर पोहायला जगातल्या सर्वोत्तम जलतरणपटूंना सुमारे २१ सेकंद लागतात, म्हणजे त्यांचा वेग २.४ मीटर प्रति सेकंद. एरवी तलावात चांगलं पोहणाऱ्याचा वेग एक मीटरच्या आतच असतो.

फसगत इथं होते. रिपच्या जागी लाटा फुटत नाहीत, म्हणून किनाऱ्यावरून तोच भाग सर्वांत शांत दिसतो आणि लहान मुलांना घेऊन माणसं नेमकी तिथं उतरतात. खुणा पाहाव्यात: फेसाच्या ओळीतला तुटलेला भाग, पृष्ठभागावर बारीक खळबळ, वाळू उचलल्यामुळे गढूळ झालेला आणि समुद्राकडे सरकणारा पट्टा. एक काटकी टाकून ती कुणीकडे जाते ते पाहिलं तरी कळतं. आणि हे निदान पंधरा-वीस मिनिटं पाहायला हवं. १३ आणि १४ सेकंदांच्या लाटा एकत्र आल्या तर त्यांची बेरीज साधारण तीन मिनिटांच्या चक्रात वाढते आणि घटते. मोठ्या लाटांचा ताफा येतो, मग समुद्र निपचित वाटतो. त्या निपचित दोन मिनिटांत पाण्यात उतरणाऱ्याला वाटतं की आज लाटाच नाहीत.

रिप कुणाला खाली खेचत नाही. तो पृष्ठभागावरून बाहेर नेतो आणि दांड्यापलीकडे गेला की विरतो. जीव जातो तो प्रवाहाच्या विरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहून दम संपल्यामुळे आणि घाबरून नाकातोंडात पाणी गेल्यामुळे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागरात जीपीएस लावलेले तरंगक रिपमध्ये सोडले गेले, तेव्हा त्यांतले बहुतेक भोवऱ्यासारखे फिरून दांड्यावरच परत आले. म्हणून आधी पाठीवर तरंगा, हात वर करून जीवरक्षकाचं लक्ष वेधा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे सरका. तिथं उथळ आहे आणि फुटणारी लाट स्वतःच किनाऱ्याकडे ढकलते.

'समुद्र दरवर्षी बळी घेतोच' किंवा 'अमावास्येला समुद्र माणूस मागतो' ही समजूत अजूनही किनाऱ्यावर ऐकू येते. तिच्यामुळे होणारं नुकसान खरं आहे, कारण एकदा दैवावर टाकलं की खिंड कुठं आहे हे कुणी बघत नाही. तिथीचा संबंध एवढाच: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, गोव्यात भरती-ओहोटीतलं अंतर दोन मीटरच्या आसपास जातं. ओहोटी खोलवर उतरते, दांडा वर येतो, लाटा त्याच्यावर जोरात फुटतात आणि परतीचं पाणी खिंडीतूनच जायला बघतं. त्यामुळे ओहोटीच्या आगेमागे रिप जोर धरतो. पण अष्टमीच्या भांगातही, म्हणजे भरती-ओहोटीतलं अंतर कमी असतानाही, मोठी लाट आणि उघडी खिंड असेल तर तो तितकाच नेईल.

सर्फर याच खिंडीतून बाहेर जातात, कारण तिथं लाटांचा मार खावा लागत नाही. नवशिक्यानं मात्र तसं करू नये. त्याची जागा कमरेइतक्या पाण्यात, फुटून गेलेल्या फेसाळ लाटेत. सत्तर किलोच्या माणसाला आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड हवा, घोट्याला बांधायची दोरी निदान बोर्डाइतकी लांब हवी, आणि काही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतो. 'दोन तासांत सर्फर व्हा' अशा जाहिराती दिसतात. दोन तासांत फेसावर उभं राहता येतं. लाट वाचायला हंगाम लागतो.

लाट पकडणं हे खरं तर वेगाचं गणित आहे. १.३ मीटर खोलीत फुटणाऱ्या एक मीटरच्या लाटेचा माथा चार-साडेचार मीटर प्रति सेकंदानं येतो. हातांनी वल्हवून बोर्डाला मिळतो दीड मीटरचा वेग. उरलेला वेग गुरुत्व देतं. लाटेचा पुढचा उतार ३० अंशांचा असेल तर उतारावरून घसरण्याचं त्वरण ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे घर्षण सोडलं तर अर्ध्या-पाऊण सेकंदात काम होतं. उतार १० अंशांचाच असेल तर त्वरण १.७, आणि तेवढ्या वेळात लाट खालून निघून जाते. म्हणून ढिल्या लाटेवर लांब, जास्त तरंगणारा बोर्ड लागतो. अंगाचा भार मागं असेल तर बोर्डाचं नाक वर उचललं जातं, पाणी अडतं आणि लाट सुटते. भार पुढं असेल तर नाक पाण्यात घुसतं आणि माणूस डोक्यावरून फेकला जातो. नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहील असं पोटावर झोपायचं, उठताना हात बोर्डाच्या कडांवर नाही तर बरगड्यांपाशी टेकवायचे आणि नजर पायांकडे न ठेवता किनाऱ्याकडे ठेवायची.

उभं राहिल्यावर पुढचा प्रश्न: लाट कुठल्या क्रमानं फुटते? दांडा लाटेच्या माथ्याला अगदी समांतर असेल तर अख्खी लाट एकदमच कोसळते आणि सर्फरला जायला जागाच उरत नाही. दांडा तिरपा असेल तर लाट एका टोकाकडून दुसऱ्याकडे क्रमानं फुटत जाते, आणि तिच्या न फुटलेल्या भागावरून तिरकं धावता येतं. लाटेचा माथा आणि फुटण्याची जागा ज्या रेषेनं सरकते ती रेषा, यांच्यातला कोन इथं निर्णायक. सर्फरला लागणारा वेग म्हणजे लाटेचा वेग भागिले त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन. लाट चार मीटर प्रति सेकंदानं येत असेल तर ४५ अंशांना ५.७ मीटर पुरतात, ३० अंशांना ८ लागतात, १५ अंशांना साडेपंधरा, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, आणि एवढ्या लहान लाटेवर तेवढा वेग मिळत नाही. खडकावरच्या लाटेला हा कोन कायमचा मिळालेला असतो. वाळूवर तो प्रत्येक वादळागणिक बदलतो. टोकियो ऑलिंपिकचं सर्फिंग जुलै २०२१ मध्ये त्सुरिगासाकीच्या वाळूच्या किनाऱ्यावर झालं, तेव्हा नेपार्ताक वादळानं लाटा वाढवल्या, पण त्या बऱ्याचशा वेड्यावाकड्या फुटत होत्या. ब्राझीलच्या इतालो फेरेराचा बोर्ड अंतिम फेरीच्या सुरुवातीलाच तुटला. दुसरा बोर्ड घेऊन त्यानं सुवर्ण जिंकलं.

वेळेचंही गणित आहे. सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात. ते लाटेच्या तोंडावर येतात, माथा लवकर ढासळू देत नाहीत, त्यामुळे लाट थोड्या उथळ पाण्यात येऊन ताठ फुटते आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. दुपारी खारे वारे सुटले की ते माथ्याला मागून ढकलतात, लाट खोल पाण्यातच विस्कटून फुटते आणि तिच्यावर ४-५ सेकंदांच्या लहान लाटांची खळबळ चढते. फेब्रुवारी ते मेमध्ये हे बहुतेक रोज घडतं. म्हणून आश्वे-मांद्रेला सकाळी सात ते दहा, त्यातही मध्यम भरती चढत असतानाची वेळ धरावी: दांड्यावर लाट फुटण्याइतकं पाणी उथळ असतं आणि खिंडीतला ओढा मंदावू लागलेला असतो. जून ते सप्टेंबर बोर्ड घरात ठेवावा.