बेसबॉल कार्डांतील गुंतवणूक

अमेरिकेतील नामांकित बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डे पुढे चढ्या भावाने विकता येतील या अपेक्षेने विकत घेऊन जपून ठेवण्याचा व्यवहार. आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि नंतर च्युइंगमसोबत मिळणारी ही कार्डे मुळात हौसेची वस्तू होती. जुनी कार्डे दुर्मिळ झाली ती कोणी ठरवून नव्हे. मुलांनी ती हाताळून झिजवली, घरच्यांनी केरात टाकली आणि कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीने तर १९५२ च्या मालिकेतील न खपलेली कार्डे १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडवली. त्याच मालिकेतील मिकी मँटलचे उत्तम अवस्थेतील एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले.

जुन्या कार्डांचे भाव पाहून १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोक खोकीच्या खोकी साठवू लागले आणि कंपन्यांनीही मागणीपुरती छपाई वाढवत नेली. १९८९ चे अपर डेक कंपनीचे केन ग्रिफी ज्युनिअरचे कार्ड त्या पिढीत सर्वांत लोकप्रिय ठरले. परंतु ते इतक्या जणांनी इतके जपले, की आजही सहज मिळते. त्या काळातील छपाईला संग्राहक ‘जंक वॅक्स’, म्हणजे ‘मेणकागदी भंगार’, म्हणतात. कार्डांच्या मेणकागदी वेष्टनावरून हे नाव पडले. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने हा बाजार आणखी खचला.

त्यानंतरच्या कार्डांची टंचाई छापखान्यातच ठरते, आणि आधुनिक कार्डाचा हाच खरा विशेष आहे. १९९३ मध्ये टॉप्सने प्रकाशात इंद्रधनुषी चमकणारी ‘रिफ्रॅक्टर’ कार्डे आणली. आता एकाच छायाचित्राची वेगवेगळ्या रंगांतील कार्डे निघतात आणि त्यांतील अनेकांवर एकूण प्रतींची संख्या छापलेली असते. सोनेरी नक्षीच्या ‘सुपरफ्रॅक्टर’ची तर एकच प्रत काढतात. माइक ट्राउट व्यावसायिक बेसबॉलमध्ये नुकताच निवडला गेला असताना, २००९ मध्ये, निघालेले त्याच्या स्वाक्षरीचे असे कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेले. दोनच वर्षांपूर्वी ते सुमारे ४ लाखांना विकले गेले होते. पॉल स्कीन्सच्या कार्डात तर त्याने ११ मे २०२४ रोजी पहिल्या सामन्यात घातलेल्या जर्सीच्या बाहीवरील कापडी पट्टी बसवली आहे. ते एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघाले. स्कीन्सच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने कार्डाच्या बदल्यात ३० वर्षांची संपूर्ण हंगामाची तिकिटे देऊ केली. तरी कुटुंबाने लिलाव पत्करला आणि मार्च २०२५ मध्ये कार्डाला सुमारे ११ लाख डॉलर मिळाले.

किमतीचा दुसरा आधार म्हणजे कार्डाची अवस्था. १९९१ मध्ये सुरू झालेल्या पीएसएसारख्या संस्था कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राभोवतीच्या समासांचा समतोल तपासून १ ते १० अशी श्रेणी देतात आणि कार्ड पारदर्शक, कडक प्लास्टिकमध्ये मोहोरबंद करतात. कोपऱ्यावर भिंगाखालीच दिसणारा पांढरा ठिपकाही दहाची श्रेणी हुकवू शकतो, आणि त्या एका श्रेणीने किंमत कित्येक पटींनी उतरते. महासाथीच्या काळात तपासणीसाठी इतकी कार्डे आली, की मार्च २०२१ मध्ये पीएसएला बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या.

तिसरा आधार स्वतः खेळाडू, आणि तो सर्वांत बेभरवशाचा आहे. गोलंदाजाचे, म्हणजे पिचरचे, कोपर दुखावले की कार्डाचा भाव घसरतो. २०१० मध्ये पिचर स्टीफन स्ट्रासबर्गच्या पदार्पणाने बाजार पेटला होता, पण त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे उमेदीतील खेळाडूपेक्षा कारकीर्द सिद्ध झालेल्या फलंदाजाचे कमी प्रतींचे कार्ड अधिक सुरक्षित मानणे योग्य ठरते, जरी त्यासाठी आधीच जास्त पैसे मोजावे लागतात. कार्ड हाती असेपर्यंत त्यावर व्याज मिळत नाही की लाभांश. विकताना लिलावगृहाचा हिस्सा जातो, आणि अमेरिकेत वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंवरील नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो. शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर ही कमाल २० टक्के आहे.